अरबी पोशाखाचा एकच साचा कुणी घडवला?

४ सप्टेंबर २०२३ रोजी फ्रान्समधील शाळांचे नवे वर्ष सुरू झाले. त्या दिवशी २९८ मुली अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, घालून शाळेच्या दारात आल्या आणि त्यांपैकी ६७ जणींनी तो उतरवण्यास नकार दिल्यामुळे त्यांना घरी पाठवण्यात आले. हे आकडे शिक्षणमंत्री गाब्रिएल अताल यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. सरकारी शाळांत मुलींच्या अबायावर आणि मुलग्यांच्या कमीस या लांब सदऱ्यावर बंदी घालण्याची घोषणाही त्यांनीच ऑगस्टअखेर केली होती. २००४ च्या कायद्यानुसार तेथील शाळांत ठळक धार्मिक चिन्हे वर्ज्य आहेत आणि अबाया हे तसेच चिन्ह आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. फ्रान्समधील मुस्लिमांच्या परिषदेने अबाया हा धार्मिक पोशाख नसल्याचे सांगितले, तरी ७ सप्टेंबरला देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदीला स्थगिती नाकारली. लांब बाह्यांचा सैल झगा नेमका कोणत्या लांबीला आणि कोणाच्या अंगावर धार्मिक ठरतो, हे ओळखण्याचे काम त्यामुळे शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांवर येऊन पडले.

या बंदीला माझा विरोध आहे, आणि सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये किंवा सुदानमधल्या खार्टूममध्ये स्त्रियांवर लादल्या गेलेल्या सक्तीलाही तितकाच विरोध आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे असे मला वाटते. गेल्या शंभर वर्षांत राज्यसंस्थांनी, आणि त्यातही बरेचसे गेल्या पन्नास वर्षांत, जो एकसाची पोशाख घडवला, त्यालाच सक्ती करणारे ‘परंपरा’ म्हणतात, बंदी घालणारेही त्यालाच परंपरा समजून त्यावर घाव घालतात, आणि दूरदेशी त्याचे अनुकरण करणारेही त्यालाच अस्सल मानतात. अरबांची खरी वस्त्रपरंपरा या तिघांच्याही नजरेतून सुटते. ती परंपरा गावागणिक बदलणारी, व्यापाराच्या वाटांनी वाढलेली, धर्मापेक्षा प्रदेशाशी, हवामानाशी आणि हुद्द्याशी अधिक बांधलेली आहे.

आधी हवामानाचे पाहू. अंगाला न चिकटणारा, खांद्यापासून घोट्यापर्यंत सरळ उतरणारा झगा मोरोक्कोपासून ओमानपर्यंत निरनिराळ्या रूपांत दिसतो, कारण कोरड्या उष्णतेत तो उपयोगी पडतो. वाळवंटातील भटके बदाऊनी (बेदुइन) लोक रणरणत्या उन्हात काळे झगे का घालतात, या प्रश्नाचा शोध घेणारा एक प्रयोग १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळे कापड पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषते हे खरेच, पण झगा पुरेसा सैल असेल तर कापड आणि त्वचा यांच्यामधून खेळणारी हवा ती वाढीव उष्णता वाहून नेते आणि त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही रंगांत जवळजवळ सारखीच राहते, असे त्यातून दिसून आले. सैलपणा हा सभ्यतेचा संकेत झाला ही नंतरची गोष्ट. त्याआधी तो शरीर थंड ठेवण्याचा उपाय होता. ऊन आणि वाळूपासून चेहरा राखणारे डोक्यावरचे कापडही याच गरजेतून आलेले आहे.

ज्यांना सगळे अरब पुरुष एकाच पांढऱ्या झग्यात दिसतात, त्यांनी तो झगा जवळून पाहावा. सौदी थोबला शर्टासारखी ताठ कॉलर असते आणि मनगटाशी अनेकदा कफ असतात. अमिरातींच्या कंदुऱ्याला कॉलर नसते, गळ्यापासून एक लांब गोंडा छातीवर लोंबत असतो. ओमानी दिशदाशाचा गोंडा आखूड असतो आणि तो अत्तरात बुडवण्याची रीत आहे. सौदी अरेबियात डोक्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शिमाग किंवा पांढरा घुत्रा हा रुमाल आणि त्यावर काळ्या दोरीचा अगाल येतो, तर ओमानी माणूस घरगुती वावरात हाताने भरतकाम केलेली कुम्मा टोपी घालतो आणि समारंभाला काश्मिरी लोकरीचा मस्सर फेट्यासारखा बांधतो. त्याच्या कमरेचा वाकडा खंजर तर ओमानच्या ध्वजावरही आहे. या सगळ्यांवर पांघरला जाणारा बिश्त म्हणजे मानाचे वस्त्र. सौदी अरेबियाच्या पूर्वेकडील अल-अहसा या मरुद्यानातील कारागीर त्याच्या काठावर सोनेरी जर हाताने भरतात, आणि तो शेख, मंत्री, धर्मशास्त्री आणि लग्नाच्या दिवशी नवरदेव असे सगळेच घालतात. १८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैलच्या मैदानावर फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर कतारचे अमीर तमीम बिन हमद अल थानी यांनी लिओनेल मेस्सीच्या खांद्यावर काळा बिश्त घातला, तेव्हा युरोपातील अनेक समालोचकांना तो खेळाडूची जर्सी झाकणारा आगंतुक झगा वाटला. यजमानाने पाहुण्याला आपल्या घरातला सर्वांत मोठा मान दिला आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही, कारण या वस्त्राला धर्म आणि तेल याखेरीज तिसरा अर्थ असू शकतो, ही शक्यताच त्यांनी कधी गृहीत धरली नव्हती.

आणि धर्माचेच म्हणायचे, तर रामल्ला आणि बेथलेहेम ही गावे पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या दोन्ही गावांत ख्रिस्ती अरबांची वस्ती मोठी होती, आणि पॅलेस्टाईनमधील सर्वांत सुंदर मानले जाणारे काही थोब (इथे थोब म्हणजे स्त्रियांचा भरतकामाचा झगा) तिथल्याच स्त्रियांनी भरलेले आहेत. रामल्लाचा पांढऱ्या लिननवर लाल रेशमाच्या फुलीटाक्याचा थोब, आणि बेथलेहेमचा सोनेरी-रुपेरी दोर कापडावर टाचून भरलेला ‘मलक’ म्हणजे राजेशाही थोब. आसपासच्या गावांतल्या, बहुतांशी मुस्लिम घरांतल्या नवऱ्या मुली आपल्या लग्नाच्या थोबासाठी छातीचा भरलेला तुकडा बेथलेहेमच्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांकडून मागवत. बेथलेहेमच्या विवाहितेची उंच, नाण्यांनी मढवलेली ‘शतवे’ टोपी आणि तिच्यावरून खाली सोडलेला पांढरा रुमाल हा तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांचाही पोशाख होता. एखाद्या स्त्रीचा थोब पाहून ती कोणत्या गावची, विवाहित की अविवाहित, हे जाणकाराला ओळखता येई. धर्म मात्र त्यावरून सहजी कळत नसे. डोके झाकणारी, लांब बाह्यांचा पायघोळ झगा घालणारी ही ख्रिस्ती आजी आज फ्रान्समधल्या एखाद्या शाळेच्या दारात उभी राहिली, तर तिला आत घ्यावे की परत पाठवावे?

मग ही विविधता विरून तिच्या जागी पुरुषांसाठी पांढरा आणि स्त्रियांसाठी काळा असा दोन रंगांचा साचा कसा आला? काळा अबाया मुळात नवा नाही. नज्द (अरबस्तानचा मध्य भाग), इराक आणि आखाती बंदरांतल्या शहरी स्त्रिया घराबाहेर पडताना तो डोक्यावरून पांघरत असत आणि आतमध्ये मात्र रंगीबेरंगी, जरीने भरलेले कपडे असत. नवे आहे ते त्याचे सर्वत्र आणि सर्वांसाठी होणे. सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येला असलेल्या असीरच्या डोंगराळ भागात स्त्रिया भरतकामाचे रंगीत झगे, डोक्यावर पिवळे रुमाल आणि त्यावर रुंद काठाच्या गवती टोप्या घालून शेतात राबत, बाजारात माल विकत. त्याच प्रदेशातले काही पुरुष आजही डोक्यावर सुगंधी फुलांचे आणि पानांचे मुकुट घालतात. पश्चिमेकडे, हिजाझमधल्या मक्का आणि जेद्दाह या शहरांत शतकानुशतके हज यात्रेसाठी तुर्क, इजिप्शियन, भारतीय आणि जावाचे लोक येत राहिले, आणि तिथल्या पुरुषांचा जुब्बा व भरतकाम केलेला फेटा हे त्याच मिसळणीचे फळ होते. सौदी राज्याचे संस्थापक इब्न सौद यांनी १९२४ मध्ये मक्का आणि १९२५ च्या अखेरीस जेद्दाह घेतले, १९३२ मध्ये एकसंध राज्याची घोषणा झाली, आणि जिंकणाऱ्या नज्दचा घुत्रा-अगाल हाच राजदरबाराचा आणि सरकारी नोकरीचा पोशाख बनला. हिजाझी फेटा पुढे समारंभापुरता उरला. १९७० आणि १९८० च्या दशकांत शाळा, दूरचित्रवाणी, तेलाचा पैसा आणि धार्मिक पोलिसांचा वाढता धाक यांच्या जोडीने काळा अबाया असीरच्या डोंगरांतही पोचला. येमेनची राजधानी सनआ येथे स्त्रिया ‘सितारा’ नावाचे लाल-निळ्या नक्षीचे मोठे सुती वस्त्र डोक्यावरून पांघरत, आणि ते छापील कापड भारतातून जात असे. त्याचीही जागा काळ्या, कोटासारख्या ‘बालतो’ने घेतली.

पुरुषांच्या पांढऱ्या झग्याची कथा थोडी वेगळी आहे आणि तिच्यावर फारसे बोलले जात नाही. अमिराती आणि कतार या देशांत नागरिकांचे प्रमाण सुमारे दहात एक इतके कमी आहे. बाकीचे सारे कामासाठी आलेले परदेशी. अशा समाजात शुभ्र, कडक इस्त्रीचा कंदुरा हा नागरिकत्वाचा दाखलाच होऊन बसतो. विमानतळावर, बँकेत, सरकारी कचेरीत तो पाहताच माणसाचे स्थान कळते. तो शिवणारा शिंपी बहुधा भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी असतो, त्याचे उत्तम कापड जपानच्या गिरण्यांतून येते, आणि ज्याने तो शिवला त्याने तो घालून मिरवावा अशी मात्र तिथे कुणाची अपेक्षा नसते. हाच पोशाख देशाबाहेर पडला की उलटा अर्थ घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कंदुरा घातलेल्या एका अमिराती पाहुण्याला हॉटेलच्या दारात पोलिसांनी बंदुका रोखून जमिनीवर पाडले, कारण तो दहशतवादी असल्याचा संशय एका फोनवरून कळवण्यात आला होता. त्यानंतर अमिरातीच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांना परदेशप्रवासात राष्ट्रीय पोशाख टाळण्याचा सल्ला दिला. जे वस्त्र देशात प्रतिष्ठा देते तेच सीमेपलीकडे संशय ओढवते, आणि दोन्हीकडे ते घालणारा माणूस नजरेआड होतो.

तरीही पुरुषांचा साचा आणि स्त्रियांचा साचा यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पुरुषाने त्यातून मान मिळवला; स्त्रीला तो पोलिसांच्या छडीखाली स्वीकारावा लागला. सौदी अरेबियात धार्मिक पोलिसांचे अटकेचे अधिकार एप्रिल २०१६ मध्ये काढून घेतले गेले, आणि मार्च २०१८ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी एका अमेरिकी वाहिनीच्या मुलाखतीत सांगितले की शरियत स्त्रियांकडून सभ्य पोशाखाची अपेक्षा करते, परंतु काळा अबाया किंवा काळे शिरवस्त्र असे काही ठरवून देत नाही. हे खरे असेल, आणि ते खरेच आहे, तर मग दोन-तीन पिढ्यांच्या स्त्रियांना त्यासाठी भर बाजारात अडवले गेले, त्याचे उत्तर कोण देणार? वरून आलेल्या हुकमाने सक्ती आली आणि वरून आलेल्या शब्दानेच ती सैल झाली. दोन्ही वेळा स्त्रियांना विचारले गेले नाही, आणि ज्यांनी विचारण्याचे धाडस केले त्यांपैकी कित्येकजणी तुरुंगात गेल्या.

अबाया आवडीने घालणाऱ्या लाखो स्त्रिया आहेत, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अनेकींना तो गर्दीत मोकळेपणा देतो, घाईच्या वेळी घरच्या कपड्यांवर चढवून बाहेर पडता येते, गरीब-श्रीमंताचा फरक झाकला जातो, आणि कित्येकींच्या श्रद्धेचा तो भाग आहे. रियाध आणि दुबईच्या शिवणकलाकार तरुणींनी त्याला आता निळा, करडा, वाळूचा रंग आणि नवी ठेवण दिली आहे. या आवडीचा आदर करायचा तर तिच्या शेजारी नकाराचीही जागा मोकळी हवी. ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रीच्या हो-ला किंमत तेव्हाच येते जेव्हा तिच्या बहिणीला ‘नाही’ म्हणता येते, आणि हे जितके रियाधला लागू आहे तितकेच पॅरिसच्या उपनगरांतल्या शाळांनाही.

राज्यसंस्थेने दिलेला अर्थ नाकारून लोक वस्त्राला स्वतःचा अर्थ देतात तेव्हा काय घडते, याची दोन उदाहरणे मला फार महत्त्वाची वाटतात. सुदानच्या फौजदारी कायद्यातील कलम १५२ अन्वये ‘अशोभनीय’ पोशाखासाठी स्त्रियांना फटक्यांची शिक्षा होऊ शकत असे. २००९ मध्ये लुब्ना हुसेन या पत्रकार महिलेवर पँट घातल्याबद्दल खटला चालला. त्याच सुदानमध्ये स्त्रिया परंपरेने ‘तोब’ नेसतात. साडीसारखेच न शिवलेले, चार-साडेचार मीटरचे हे वस्त्र अंगाभोवती गुंडाळून डोक्यावरून घेतात. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध खार्टूममध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा पांढरा तोब नेसून, कानांत सोनेरी गोल डूल घालून मोटारीच्या टपावर उभ्या राहिलेल्या आला सालाह या तरुणीचे छायाचित्र जगभर पोचले. पांढरा तोब हा नोकरदार स्त्रियांचा पोशाख. जुन्या पिढीतील सुदानी स्त्रियांनी तोच नेसून मोर्चे काढले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेचा जाचक कायदा रद्द झाला. सरकारला पोशाखातून आज्ञाधारकपणा हवा होता, आणि स्त्रियांनी त्याहून जुन्या पोशाखातून त्याला उत्तर दिले.

दुसरे उदाहरण पॅलेस्टाईनचे. शहरी, सुशिक्षित पुरुष लाल तार्बूश टोपी घालत आणि कुफिया हा डोक्याचा रुमाल शेतकऱ्यांचा आणि बदाऊनींचा समजला जाई. ब्रिटिश सत्तेविरुद्ध १९३६ ते १९३९ या काळात झालेल्या उठावात, १९३८ मध्ये बंडखोरांनी शहरवासीयांनाही तार्बूश टाकून कुफिया घालण्यास सांगितले, जेणेकरून शहरात शिरलेला शेतकरी लढवय्या वेगळा ओळखू येऊ नये. यातही सक्ती होतीच आणि ती नाकारण्यात अर्थ नाही, पण तिने श्रीमंताला गरिबाचे वस्त्र घालायला लावले. पुढे १९८७ पासूनच्या पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावात, रस्त्यावर पॅलेस्टिनी ध्वज फडकवणे हा गुन्हा असताना, गावातल्या बायकांनी तो ध्वज आपल्या थोबांवरच भरला; सैनिकाला काठीवरचा ध्वज हिसकावता येई, अंगावरचा टाका उसवता येत नसे. आजही वाद तोच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनच्या शिक्षण विभागाने शाळांना कुफियावर बंदी घालण्याची मुभा दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातील ओंटारिओच्या विधिमंडळाच्या सभापतींनी इमारतीत तो घालण्यास मनाई केली. ती मनाई पुढे शिथिल करावी लागली. बंदी आली की रुमालाचा निशाण होतो, ही साधी गोष्ट सभापतींना कळायला हवी होती.

आपल्याकडे हा विषय अगदीच परका नाही. मराठवाड्यातील परभणी, नांदेड, औरंगाबाद परिसरात निजामाच्या फौजेतून आलेल्या हद्रमौती (येमेनमधील हद्रमौत भागातल्या) अरबांचे वंशज, चाऊस मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या मूळ हद्रमौतमध्ये पुरुषांचा रोजचा पोशाख म्हणजे कमरेला गुंडाळलेला फुता, आपल्या भाषेत लुंगी. आणि हैदराबादच्या बारकस भागात हद्रमौती वंशाचे पुरुष आजही ती अभिमानाने नेसतात. म्हणजे दख्खनमध्ये आलेल्या अस्सल अरबांनी पांढरा झगा आणलाच नव्हता. आखाताकडे आपला माल जाई तो वेगळाच: आखाती स्त्रियांच्या ‘बत्तूला’ या मुखवट्याचे नीळ दिलेले चकचकीत कापड भारतातून जाई, बिश्तसाठी जर जाई, ओमानी फेट्यासाठी काश्मिरी शाल जाई. १९६० च्या दशकापर्यंत आखातात भारतीय रुपया चालत होता, आणि कुवेत-बहरीनच्या मोती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. १९७० नंतर रत्नागिरी-रायगडमधून माणसे आखातात गेली आणि परत येताना ज्या वस्तू आल्या त्यांत काळा अबायाही होता. ज्या कोकणी आणि मराठवाडी मुस्लिम घरांत आजी साडी नेसत होती तिथे नात अबाया घालते आहे. तो तिने निवडला असेल तर त्यावर कुणी बोट ठेवू नये. पण तोच तेवढा खरा धर्माचा पोशाख आणि आजीची साडी कमी प्रतीची, असे जर कुणी तिला सांगत असेल, तर असीरच्या डोंगरातल्या आजीचा रंगीत झगाही याच तर्काने उतरवला गेला होता, हे तिला माहीत असले पाहिजे. आणि महाविद्यालयाच्या गणवेशाच्या नावाखाली मुलींचे शिरवस्त्र काढायला लावणाऱ्यांनी, ज्यांचा वाद २०२४ मध्ये मुंबईहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, फ्रान्समध्ये शाळेच्या दारातून परत पाठवलेल्या त्या ६७ मुलींचा शाळेचा दिवस बुडाला, हेही ध्यानात घ्यावे.

सरकारांनी करण्यासारखे काम खरे तर वेगळे आणि निकडीचे आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आखाती बदाऊनी स्त्रियांचे ‘सदू’ विणकाम २०११ मध्ये अमिरातीतर्फे तातडीने जपण्याच्या वर्गात आणि २०२० मध्ये सौदी अरेबिया व कुवेततर्फे आले, पॅलेस्टिनी भरतकाम २०२१ मध्ये आणि अमिरातीची ‘तल्ली’ कलाबूत २०२२ मध्ये आली. त्याच वर्षी, म्हणजे २०२२ पासून, सौदी अरेबियाने २२ फेब्रुवारी हा स्थापना दिन ठरवला आणि त्या दिवशी लोक हौसेने हिजाझी, असीरी, नज्दी जुने पोशाख घालतात. जे पोशाख त्याच राज्याच्या धोरणांनी अंगावरून उतरवले, ते वर्षातून एक दिवस हौसेचे कपडे म्हणून परत आले, याचे मला समाधान वाटत नाही. यादीत नाव आल्याने कारागिराचे घर चालत नाही. हेब्रॉनमध्ये १९६१ पासून यंत्रमागांवर कुफिया विणणारा हिरबावींचा कारखाना १९९० च्या दशकात स्वस्त चिनी मालापुढे जवळजवळ बंद पडला होता आणि तो तगला तो मुख्यतः जगभरच्या ग्राहकांनी मुद्दाम त्याच्याकडून घेतल्यामुळे. एक पूर्ण भरलेला पॅलेस्टिनी थोब हाताने करायला कित्येक महिने लागतात आणि त्याची नक्कल छापील कापडावर दिवसात शेकड्यांनी निघते. सौदी, अमिराती आणि कतार या देशांकडे पैसा अफाट आहे; त्यांच्या मंत्र्यांचे बिश्त, विमान कंपन्यांचे गणवेश, शाळांतले शिवणाचे वर्ग आणि पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या भेटी यांसाठी हातमागाचा आणि हाताच्या टाक्याचा माल योग्य मोलाने घेण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घ्यावे, आणि स्त्रियांनी काय घालावे याविषयीचे बंधन पूर्णपणे काढून टाकावे.